पाटीवरचा नंबर कुणाचा?

मागच्या भागात आपण डब्याचा भाव कसा काढायचा ते बोललो. आज फोनबद्दल बोलू. फोन तर घरोघरी आहे, त्यात काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. पण घरचा फोन वेगळा आणि धंद्याचा फोन वेगळा, हे आम्हाला एका पाटीमुळे कळलं. म्हणून आधी पाटीची गोष्ट.

आमचा गट चाकण एमआयडीसीच्या कडेच्या गावात डबे करतो. हा सगळा खेड तालुक्याचा पट्टा पूर्वी कांद्या-बटाट्याचा. चाकणचा कांद्याचा बाजार अजून भरतो, पण महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या बाजूला आता वावरं कमी आणि भाड्याच्या खोल्या जास्त दिसतात. बीड-परभणीपासून बिहार-ओडिशापर्यंतची पोरं एकेका खोलीत चार-चार, पाच-पाच राहतात. त्यांना घरचं जेवण हवं असतं. आम्ही फाट्यावर पाटी लावली. ‘घरगुती जेवणाचे डबे मिळतील’, आणि खाली ऑइल पेंटनं मोठा मोबाईल नंबर. नंबर आमच्यातल्या एका वहिनींचा घातला. त्यांच्याकडे बरा फोन होता, त्यांना हिंदी येत होतं, आणि तेव्हा कुणी फार विचार केला नाही.

पहिले दोन महिने छान गेले. मग रात्री अकरानंतर फोन यायला लागले. काही खरेच जेवणाचे होते. दुसरी पाळी रात्री अकराच्या आसपास सुटते, पोरगं भुकेलेलं असतं, पाटी दिसते, फोन लावतं. त्याचा काय दोष? पण काही फोन जेवणाचे नव्हते. वहिनी फोन बंद करून ठेवायच्या, तर सकाळी फोटो आणि नको ते मेसेज आलेले असायचे. घरात कुरबूर सुरू झाली. शेवटी त्यांच्या मालकांनी फोन स्वतःकडे घेतला. ते दिवसभर वर्कशॉपमध्ये, आवाजात. गिऱ्हाईक विचारायचं डब्याचं, हे सांगायचे, ‘नंतर कर.’ एका वर्कशॉपची चाळीस ताटांची ऑर्डर त्यात गेली. आणि वहिनी म्हणाल्या, ‘मी गटातून बाहेर पडते.’

चाळीस ताटांचं दुःख विसरता आलं असतं. वहिनी गेल्या असत्या तर आमच्या स्वयंपाकघराचा कणाच गेला असता.

आमच्या गावातली एक मुलगी एका कारखान्यात रिसेप्शनवर बसते. तिला हे सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, ‘मावशी, आमच्या कंपनीत दिवसाला दोनशे फोन येतात. त्यातल्या एकालाही माझा नंबर माहीत नाही.’ तिच्या टेबलावरचा फोन जुन्या लँडलाइनसारखाच दिसतो, पण तो टेलिफोनच्या तारेला जोडलेला नाही. संगणकाला जी इंटरनेटची वायर जाते तीच त्याला जाते. याला व्हीओआयपी म्हणतात, म्हणजे व्हॉइस ओव्हर इंटरनेट प्रोटोकॉल. आपण साधं ‘इंटरनेटचा फोन’ म्हणू.

तो चालतो कसा, हे आम्ही तिच्याकडून दोन-तीनदा समजून घेतलं. आपल्या भाषेत सांगतो.

जुन्या फोनमध्ये तुम्ही चाकणहून पिंपरीला फोन लावला की तुमच्या दोघींसाठी एक अख्खी वाट राखून ठेवली जायची. बोला किंवा गप्प बसा, वाट अडलेलीच. म्हणून लांबचा फोन महाग. आठवतं ना, एसटीडीच्या बूथवर रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा म्हणून रांग लागायची? मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत बोलायचं, आणि मुद्द्याचं राहूनच जायचं. चाकणचा कोड ०२१३५, पिंपरीचा ०२०. मधे अंतर पंधरा-वीस किलोमीटर, पण कागदावर दोन वेगळी गावं.

इंटरनेटचा फोन वाट अडवत नाही. तो तुमच्या आवाजाचे बारीक तुकडे करतो. एका सेकंदाचे साधारण पन्नास. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि अनुक्रम घालतो, आणि ते तुकडे इतर सगळ्यांच्या फोटो-व्हिडिओंच्या गर्दीत त्याच रस्त्यानं सोडून देतो. पलीकडचं यंत्र ते अनुक्रमानं लावतं आणि पुन्हा आवाज करतं. आपल्या डब्यांसारखंच आहे. शंभर डबे एकाच टेम्पोत जातात, प्रत्येकावर खूण असते, म्हणून ज्याचा त्याला पोचतो.

आणि एक गोष्ट तर हुबेहूब डब्यासारखी. जेवणाची सुट्टी संपल्यावर पोचलेल्या डब्याचा उपयोग काय? आवाजाचा तुकडाही उशिरा पोचला तर यंत्र तो टाकून देतं, कारण बोलणं पुढे गेलेलं असतं. असे बरेच तुकडे गेले की आपण म्हणतो, ‘आवाज तुटतोय.’ म्हणून इंटरनेटच्या फोनला फार मोठं इंटरनेट लागत नाही, पण सलग लागतं. एका मिनिटाच्या बोलण्याला चांगल्या आवाजात एक-सव्वा एमबी जातं. व्हिडिओ बघायला त्याच्या कितीतरी पट. पण व्हिडिओ थोडा थांबून पुढे चालतो. बोलणं थांबून चालत नाही.

यात नवीन काही शिकायचंय असं समजू नका. तुम्ही रोज हेच वापरता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, तेव्हापासून त्या सिमवरचं साधं बोलणंसुद्धा असंच तुकड्या-तुकड्यांनी जातं. त्याला व्होल्टे म्हणतात. व्हॉट्सअॅपचा कॉल तर आहेच. मग धंद्याच्या फोनमध्ये वेगळं काय? व्हॉट्सअॅपवरून फक्त व्हॉट्सअॅपवाल्यालाच कॉल लागतो. साध्या बटणाच्या फोनला लागत नाही, आणि तसा फोनवाला तुम्हाला त्यावर लावू शकत नाही. धंद्याला असा नंबर लागतो, की कुणीही, कुठल्याही फोनवरून लावला तरी लागेल. आपल्याकडे याला बरीच वर्षं मोकळीक नव्हती. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली, पण संगणकावरून देशातल्या साध्या फोनला लावायची मुभा नव्हती. २०१८ मध्ये दूरसंचार विभागानं परवाना असलेल्या कंपन्यांना ती दिली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बीएसएनएलनं ‘विंग्ज’ नावाची सेवा काढली. सिम न घालता, ॲपमध्येच दहा आकडी नंबर.

आता खरी समजून घ्यायची गोष्ट. मोबाईलचा नंबर सिममध्ये असतो, सिम फोनमध्ये, फोन एका बाईच्या पिशवीत. म्हणजे नंबर त्या बाईचा. इंटरनेटच्या फोनात नंबर असतो कंपनीच्या मोठ्या संगणकावर. तो कुणाच्या फोनवर वाजवायचा, हे आपण सांगायचं. सोमवारी हिच्याकडे, मंगळवारी तिच्याकडे. एकीनं उचलला नाही तर वीस सेकंदांनी दुसरीकडे. रात्री आठनंतर कुणाकडेच नाही, फक्त आवाज ऐकवायचा की उद्या सकाळी आठला फोन करा. एकाच वेळी तिघांचे फोन आले तर तिघी उचलू शकतात, पाटीवर मात्र नंबर एकच.

एका नंबरामागे एकच फोन असतो असं नाही, हे आपण पूर्वी पाहिलेलंही आहे. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा द्यायला एका नंबरवर मिस्ड कॉल द्या म्हणत होते. आमच्यातल्या दोघींनी दिला होता. लाखो लोकांचे फोन मोजायला तिथे काय एखादी बाई फोन घेऊन बसली होती? संगणक बसला होता.

आम्ही दोन प्रकार करून पाहिले. पहिला प्रकार म्हणजे स्वयंपाकघरातच वायफाय घ्यायचं आणि त्याला जोडलेला टेबलावरचा फोन ठेवायचा. जुना फोन असेल तर मधे एक छोटी डबी लावूनही चालतो. आवाज स्वच्छ, दिसायलाही ऑफिससारखं. आम्ही फार खूश होतो, ते पहिल्या गुरुवारपर्यंत. तुम्हाला माहीतच आहे, या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि दुरुस्तीसाठी वीज जाते तीही गुरुवारीच. वीज गेली, वायफायची डबी बंद पडली, फोन मुका. जुन्या लँडलाइनला तारेतूनच एक्स्चेंजची वीज मिळायची, म्हणून अंधारातही ती वाजायची. ही वाजत नाही. आणि आमचा गुरुवार म्हणजे सर्वांत धामधुमीचा दिवस. सुट्टी म्हणून अर्धी पोरं चिकन मागतात, दत्ताचा वार म्हणून अर्धी साबुदाण्याची खिचडी मागतात. चार तास फोन बंद. संध्याकाळी एक मावशी म्हणाल्या, ‘यापेक्षा आपला बटणाचा फोन बरा होता.’ त्यांचं बरोबरच होतं.

दुसरा प्रकार आमच्या कामाचा निघाला. नंबर कंपनीच्या संगणकावर, आणि तो आमच्या साध्या मोबाईलवर वाजतो. आमच्याकडे वायफाय नको, स्मार्टफोनही नको. वीज गेली तरी मोबाईल चार्ज असला की झालं. आपण गिऱ्हाईकाला फोन लावायचा तोही त्या संगणकामार्फत लावतो, त्यामुळे त्याला गटाचाच नंबर दिसतो, आपला दिसत नाही. वहिनींसाठी हे सर्वांत मोठं. आणि रोज संध्याकाळी यादी मिळते, की किती फोन आले, किती उचलले, किती सुटले. पहिल्या आठवड्याची यादी बघून आम्हाला घाम फुटला. दुपारी साडेअकरा ते एकच्या दरम्यानचे निम्मे फोन सुटत होते, कारण तेव्हा आम्ही सगळ्या पोळ्यांवर. आता त्या वेळेला एक जण फोनला राखीव असते.

पैशाचं सांगायलाच हवं. इथे लोक फसतात. नंबरचं महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं असतं, ते विक्रेता सांगतो. तो हळू आवाजात सांगतो किंवा सांगतच नाही ती गोष्ट अशी. गिऱ्हाईकाचा फोन संगणकापर्यंत येतो, आणि तिथून आपल्या मोबाईलला दुसरा फोन लागतो. त्या दुसऱ्या फोनचे मिनिटाप्रमाणे पैसे आपले. म्हणजे आपल्याला फोन आला तरी पैसे लागतात. गिऱ्हाईक दहा मिनिटं भाजीची चौकशी करत बसलं तर मीटर आपलं फिरतं. वर १८ टक्के जीएसटी. म्हणून घेण्याआधी महिन्याला किती मिनिटं बोलतो ते आठवडाभर वहीत लिहून काढा आणि मग हिशेब मागा.

दुसरं विचारायचं, नंबर कुणाच्या नावावर राहणार? आम्ही आधी एका विक्रेत्याकडून स्वस्तात घेतला होता. एका महिन्यात पैसे भरायला आठ दिवस उशीर झाला आणि नंबर बंद. परत मागितला तर म्हणे तो कंपनीचा होता, दुसऱ्याला दिला. दोनशे कार्डं छापली होती, ती आता पोरं अभ्यासाला पाठकोरी वापरतात. तेव्हा लेखी घ्या, की नंबर गटाच्या नावावर आहे, पैसे थकले तर किती दिवस राखून ठेवणार, आणि दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो की नाही. गटाच्या नावावर घ्यायला ठराव, बँक पासबुक, उद्यमची नोंदणी असे कागद मागतात. कागद न मागता लगेच नंबर देणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. दूरसंचार विभागाचा परवाना कुणाचा आहे, हे सरळ विचारा. परवाना असलेली कंपनी सांगायला कचरत नाही.

आणि एक स्पष्ट सांगतो, मैत्रिणींनो. दिवसाला आठ-दहा फोन येत असतील तर या भानगडीत पडू नका. एक स्वस्त बटणाचा फोन घ्या, त्यात वेगळं सिम घाला, तो स्वयंपाकघरात खुंटीला टांगा आणि कुणी घरी न्यायचा नाही असा नियम करा. वहिनींचा प्रश्न तेवढ्यानंही बराचसा सुटला असता. ते आम्हाला तेव्हा सुचलं नाही. व्हॉट्सअॅप बिझनेस हे ॲपही फुकट आहे. त्यात कामाची वेळ घालता येते आणि वेळेनंतर आपोआप उत्तर जातं. फोन सुटायला लागले, बायका तीन गावांत विखुरलेल्या असल्या, की मग पुढचं बघा.

आता याच यंत्राची दुसरी बाजू. फोनवर कोणता नंबर दाखवायचा हे संगणक ठरवतो म्हटल्यावर, लबाड माणूस खोटा नंबरही दाखवू शकतो. दूर परदेशात बसून इथला नंबर दाखवायचा, पोलिसांचा फोटो लावायचा आणि घाबरवायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार विभागानं परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे फोन अडवायची यंत्रणा सुरू केली, तरी काही सुटतातच. म्हणून पडद्यावर दिसणारा नंबर हा पुरावा मानू नका. ‘डिजिटल अरेस्ट’ असं कायद्यात काही नाही. फोनवर, व्हिडिओवर कुणाला अटक होत नाही. बँकांना आता १६०० नं सुरू होणारे नंबर दिले आहेत आणि जाहिरातीचे फोन १४० नं सुरू होतात. ‘गटाचं कर्ज मंजूर झालंय, आधी फी भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या आणि बँकेच्या शाखेत जाऊन विचारा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला फोन करा. जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. संशयाचा फोन नुसता कळवायचा असेल तर संचार साथीवर ‘चक्षू’ नावाची सोय आहे.

आपल्या पट्ट्यात हे विशेष सांगायचं कारण म्हणजे आपल्या खोल्या. परदेशातून इंटरनेटवर आलेले फोन इथल्या सिमकार्डांतून साधे फोन म्हणून सोडणारं यंत्र असतं, सिमबॉक्स म्हणतात त्याला. त्याला पुष्कळ सिम आणि एक बंद खोली लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात कोंढव्याला दहशतवादविरोधी पथकानं असं बेकायदा एक्स्चेंज पकडलं, हजारो सिमकार्डांसकट. तुमच्या चाळीत कुणी एकटा माणूस खोली घेतो, राहत नाही, पण दिवसरात्र पंखे आणि यंत्रं चालू, वायफाय भारी, असं दिसलं तर भाडं वेळेवर येतंय म्हणून गप्प बसू नका. पोलीस ठाण्यात कळवा. भाडेकरूची नोंद तिथे करायचीच असते. आणि दोनशे रुपयांसाठी कुणाला आपल्या आधारवर सिम काढून देऊ नका. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथीवर बघता येतं. आम्ही बघितलं तर एका ताईंच्या नावावर न काढलेली दोन निघाली. ती तिथूनच बंद करायला टाकली.

राहता राहिलं एक. अपघात, आग, बाळंतपण, काहीही असो, ११२ लावायचा तर आपल्या साध्या मोबाईलवरूनच लावा. इंटरनेटच्या नंबरवरून तुम्ही कुठे आहात ते पलीकडे नीट कळेलच असं नाही.

पाटी आम्ही पुन्हा रंगवली. वहिनी गटात आहेत, त्यांची फोनची पाळी मंगळवार आणि शनिवार. रात्री आठनंतर फोन लावणाऱ्याला जो आवाज ऐकू येतो, तोही त्यांचाच आहे, त्यांनीच हट्टानं दिला. मराठीत आणि मग हिंदीत, की स्वयंपाकघर बंद झालंय, सकाळी आठला फोन करा. दुसरी पाळी सुटून आलेल्या भुकेल्या पोरांसाठी शेवटी एक वाक्य त्यांनी स्वतःहून घातलंय, की उद्या रात्री उशिराचा डबा हवा असेल तर दुपारी चारच्या आत सांगा, खोलीवर झाकून ठेवू. त्याला आता रोजचे बावीस डबे लागले आहेत.

पुढच्या भागात उद्यमची नोंदणी कशी करायची ते बघू. तुमच्या गटाच्या पाटीवर कुणाचा नंबर आहे ते आम्हाला कळवा.